लूज फिगर तपासून मिळतील

काकी बाहुला चाटून बघायच्या. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा पुढं म्हणेल, एवढी मोठी गोष्ट लपवून का ठेवली. सगळेच बाहुले चाटायच्या नाहीत. ज्याच्यावर संशय आला त्यालाच. आधी डोळ्यांजवळ धरायच्या, मग पाठीत नखानं टिचकी मारून कान लावायच्या, आणि तरी मन भरलं नाही तर जिभेचं टोक त्याच्या टाचेला लावायच्या. टाचेलाच. मी एकदा भीत भीत विचारलं, टाचच का जी? तर म्हणाल्या, "मंग तोंडाला लावू? मी काय त्येची आजी हाय व्हय?"

अस्सल जुनं प्लास्टिक बेचव लागतं आणि नवं नकली कडवट लागतं, असं त्यांचं शास्त्र होतं. ते खरं की खोटं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांना सांगतो. लहानपणी पोरं हातपाय हलणाऱ्या बाहुल्यांशी खेळतात. तलवारवाला, पंखवाला, यंत्रमानव, मुखवट्यातला दुष्ट. पोरं मोठी होतात, नोकरीला लागतात, आणि मग त्यांना तेच बाहुले परत हवे असतात. काही बाहुले खोक्यातून कधी बाहेरच आलेले नसतात. पण बरेचसे सुटे असतात, खेळून झालेले. त्यांना धंद्यात 'लूज' म्हणतात. असा लूज बाहुला विकायचा तर त्याची तब्येत तिऱ्हाइतानं सांगावी लागते. सांधे घट्ट आहेत का, नाकावरचा रंग उडालाय का, हातातली तलवार त्याचीच आहे का. मग शंभरापैकी नंबर द्यायचा आणि त्याला पारदर्शक डबीत सीलबंद करायचं. बंगळुरूची एक कंपनी पार्सलं पाठवायची आणि काकी नंबर द्यायच्या.

मी हे आईला फोनवर समजावलं तेव्हा ती भंडाऱ्याहून म्हणाली, "काऊन रे, बाहुल्याइचा डाक्टर झाला का तू?"

"तसंच समज."

"मंग बरं हाय. पेशंट मरत नसन."

काकींनी हा धंदा शोधला नव्हता, धंद्यानं काकींना शोधलं. मूळच्या त्या गुळाच्या. शाहूपुरीत त्यांच्या घरची अडत होती. नवरा गादीवर बसायचा आणि माल बघायच्या काकी. गुळाचा मोठा गोळा, ज्याला इकडं रवा म्हणतात, तो फोडायचा, कण बघायचा, रंग बघायचा, जिभेवर ठेवायचा आणि एक नंबर की दोन नंबर ते बोलून टाकायचं. पुढं नवरा गेला, अडत बंद झाली, मुलगा परदेशात स्थायिक झाला. मागं राहिली त्याच्या खेळण्यांची ट्रंक. ती विकायला काढली तर बंगळुरूच्या एकानं फोनवर विचारलं, कंडिशन काय आहे? काकींनी एकेक उचलून गुळासारखा माल सांगितला. "ह्येचा उजवा गुडघा ढिला हाय. नाकाचा रंग गेलाय. तलवार हाय, पर टोक कुत्र्यानं खाल्लंय. कुत्रं आमचंच."

त्या माणसानं म्हणे कुत्र्याचंही लिहून घेतलं. आजवर कुत्रं कुणाचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर त्याची पार्सलं सुरू झाली.

त्या ट्रंकेतला एक बाहुला मात्र विकला गेला नाही. त्याचा डावा पाय मुलानं दात येताना चावून चावून शेवग्याच्या चोथ्यासारखा केलेला. तो देव्हाऱ्याच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याशेजारी उभा असायचा. उभा म्हणजे भिंतीला टेकून. येणारा प्रत्येक शौकीन त्याच्याकडे बोट दाखवून विचारायचाच, याचा नंबर किती?

"त्येला नंबर न्हाय."

"अंदाजे तरी?"

"विकायच्या मालाला नंबर असतो. तुमच्या आईला किती दिलाय?"

शौकीन निघून जायचा.

काम चालायचं ती खोली जुन्या गोदामाच्या वरची. गूळ जाऊन वर्षं झालेली, पण तो फरशीच्या भेगांत आणि दाराच्या बिजागऱ्यांत होताच. उन्हाळ्यात भिंतीसुद्धा गोड वास सोडायच्या. आणि मुंग्या. अडत बंद झाली हे मुंग्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कंपनीनं पांढरे हातमोजे पाठवले होते, बाहुल्याला बोट लागू नये म्हणून. काकी ते घालून गॅसवरचं दूध उतरवायच्या.

मी तिथं कसा पोचलो, तर पाटी वाचून. मी आठवीत शाळा सोडली. पुढं गावचा एक जण कबनूरला यंत्रमागावर होता, त्याच्या मागं मीही आलो. तिथला माग बंद पडला. गावी परत जाऊन भावाच्या दारात उभं राहायचं नव्हतं. म्हणून कोल्हापुरात काम शोधत फिरत होतो, तर एका जिन्याशी पाटी दिसली: 'येथे लूज फिगर तपासून मिळतील.' मला काही उमजेना. फिगर म्हणजे आकृती, ती भूमितीतली, एवढंच मला ठाऊक. भूमितीपायीच तर शाळा सुटलेली. कोल्हापुरात ढिल्या आकृत्यासुद्धा तपासून देतात म्हटल्यावर मी मागच्या मागं पळणारच होतो, तेवढ्यात वरून आवाज आला, "ओ पावणं! नुसतं वाचतासा व्हय? वर या की!"

वर गेलो. काकींनी मला खालवर न्याहाळलं. "कुठलं गाव?"

"भंडारा जी."

"आणि हितं?"

"मागावर होतो जी. तुटलेला धागा पाहाचं काम."

"सारखं जी जी काय लावलंय? बरं. ह्ये बघा, दोन मुंडकी. ह्येंच्यात काय दिसतंय?" आणि दोन्ही हातांत दोन बाहुल्यांची डोकी धरून माझ्यापुढं नाचवली.

खूप निरखून पाहिलं आणि जे दिसलं ते बोलून गेलो, "दोघंही माह्याकडे पाहून राहिले जी."

काकी एवढ्या हसल्या की एक मुंडकं कॉटखाली गडगडत गेलं. "डोळं शाबूत हायती म्हंजे! त्येंचं बी आणि तुझं बी! उद्यापास्नं ये. आणि जाताना ते मुंडकं काढ कॉटखालचं."

माझ्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला शाळा सोडल्याचा दाखला होता. आत्ता मागतील, मग मागतील, म्हणून मी त्या खिशावर हात ठेवून उभा होतो. त्यांनी तो मागितलाच नाही. गोदामामागची खोली राहायला दिली, दोन वेळचं जेवण दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी बाहुले पुसू, त्यांचे फोटो काढू आणि डब्या सील करू लागलो. माणसाचे उपकार कसे फेडायचे ते शाळेत शिकवत नाहीत, म्हणजे आठवीपर्यंत तरी नाही. मी जिना रोज झाडायचो, त्यांनी सांगितलेलं नसताना.

पण जीव टांगणीला असायचाच. त्याचं कारण काकींचा शब्द. नाव ठाऊक असूनही त्या मला नावानं हाक मारायच्या नाहीत. सकाळ झाली की, "पावणं, उठलास काय?" जेवताना, "पावणं, भात घे." आता आमच्याकडे पाहुणा म्हणजे जो येतो, जेवतो आणि जातो. रोज सकाळी माझी आठवण करून दिली जात होती की बाबा, तुला जायचंय. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं समजावलं, अरे इकडं परक्या कुणालाही पावणं म्हणतात, मनावर घेऊ नको. त्यानं मला आणखीच घोर लागला. पाहुणा नाही तर नाही, परका तर आहेच ना!

त्या पाटीनं आणखीही लोक वर आणले. जयसिंगपूरच्या एक बाई डबा घेऊन, चांगली साडी नेसून आल्या. "लूज झालीय फिगर," त्या लाजत म्हणाल्या. "दुसऱ्या बाळंतपणानंतर. घट्ट होतीय न्हवं?"

मी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या कुणी त्यांना सांगितलं असतं, बाई, इथं बाहुले बघतात. काकी म्हणाल्या, "बसा. हात वर करा. आता खाली. उठा. बसा. गुडघं वाजत्याती?"

"न्हाय."

"सांधं घट्ट हायती. रंग मूळचा हाय, वरनं लावलेला न्हाय. जोडवी दोन्ही पायांत हायती, मंगळसूत्र हाय, म्हंजे सामान पुरं हाय. खेळून झालेला माल ह्यापेक्षा चांगला मी बघितला न्हाय. नव्वद!"

बाई नव्वद नंबर घेऊन जिना उतरल्या तेव्हा चढताना होत्या त्यापेक्षा ताठ दिसत होत्या. पुढच्या आठवड्यात जावेला घेऊन आल्या. जावेला पंच्याऐंशी मिळाले, आणि त्यावरून दोघींचं जिन्यातच वाजलं.

मग काकींना तो नादच लागला. दूधवाल्याला सत्तर, कारण माल चांगला पण पाण्याचा अंश. घरमालकाला चाळीस, "चावी दिली की बडबडतोय, हात मात्र हलत न्हाय." रिक्षावाल्याला साठ आणि त्याच्या रिक्षाला पंच्याहत्तर. गल्लीत कुणाला नंबर द्यायचा राहिला नाही. फक्त माझा. मी समोर बसलेला असायचो, भात खात असायचो, आणि काकी दारातनं जाणाऱ्या कुत्र्याला पंचावन्न द्यायच्या. मी मनात म्हणायचो, मला चाळीस द्या, तीस द्या, पण द्या. नंबर म्हणजे निदान आपण मालात धरलो गेलो. बिननंबरी माल कंपनीकडे परत जायचा, त्याच पार्सलात.

त्यांची मोठी चूक पण सांगितली पाहिजे. ती सुरुवातीची, मी त्यांच्याकडं नवीनच होतो तेव्हाची. एक यंत्रमानव आला, मुळात पांढराशुभ्र. पण पांढरं प्लास्टिक उन्हानं पिवळं पडतं आणि धंद्यात तो मोठा दोष. हा तर असा पिवळा पडलेला की हळद लावून नवरदेव केलाय. काकींनी त्याला उजेडाकडे धरलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की विचारू नका. "पावणं, ह्यो रंग बघ! एकसारखा! कुठं डाग न्हाय, काळपट न्हाय! एक नंबर!" आणि पंच्याण्णव दिले. जन्मभर पिवळा तोच सोन्याचा असं शिकलेल्या बाईनं दुसरं काय करावं! बंगळुरूहून फोन आला. पलीकडचा माणूस एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता, मॅडम, पिवळा दिसला नाही का? आणि काकी दर वेळी अभिमानानं सांगत होत्या, दिसला की, म्हणून तर दिलं!

नंतर त्यांना चूक समजली. संध्याकाळी म्हणाल्या, "गूळ पिवळा असला की चांगला आणि बाहुला पिवळा पडला की वाईट. एवढं एक ह्या वयात डोक्यात शिरायला लई जड जातंय बघ." आणि यंत्रमानवाच्या डोक्यावरनं हात फिरवला, जसं काही त्याचीच माफी मागत होत्या.

पण कंपनी ते विसरली नाही. मध्ये बराच काळ गेला आणि एक दिवस निरोप आला की तिथले साहेब स्वतः येणार, काम कसं चालतं बघणार, माणसं कोण, किती शिकलेली, तेही बघणार.

माझी झोप उडाली. काकींना म्हटलं, "शिक्षण विचारलं तर काय सांगू जी?"

"भूक लागलीया म्हणून सांग."

"नाही जी, खरंच."

"मग खरंच सांग. आठवी म्हण, आणि हळू म्हण. ऐकूच गेलं न्हाय तर आपला दोष न्हाय."

साहेब आले. पोट सुटलेले, टक्कल पडलेले, घामानं निथळणारे. जिना चढून आल्यावर आधी पंख्याखाली उभे राहिले. काकींचं माहेर निपाणीकडचं, त्यांनी धाडकन कन्नडच सुरू केलं आणि साहेबांचा चेहरा खुलला. त्या क्षणापासून मला एक अक्षर कळेनासं झालं. दोघं बोलतात, हसतात, मी ट्रेमध्ये पोहे धरून उभा. मला कन्नडमधलं एकच येत होतं: इल्ला. म्हणजे नाही. ते काकी भाजीवालीला, घरमालकाला आणि मुंग्यांना म्हणायच्या.

साहेबांना त्या महिन्यातला सर्वांत देखणा माल दाखवायचा ठरला होता. तांबड्या शिरस्त्राणाचा सैनिक, सांधे घट्ट, रंग शाबूत, डबीत सीलबंद. सील मी केलेलं. साहेबांनी डबी हातात घेतली, चष्मा वर केला, डबी जवळ आणली, लांब नेली, परत जवळ आणली.

सैनिकाच्या शिरस्त्राणावर मुंगी चालत होती. निवांत. शेंड्यापर्यंत गेली, तिथून देशाची पाहणी केली आणि नाकावरून खाली उतरायला लागली.

मी पोह्यांचा ट्रे साहेबांच्या आणि डबीच्या मध्ये धरला.

काकींनी डबी घेतली, डोळ्यांजवळ धरली. आणि आधी कन्नडमध्ये, मग मराठीत म्हणाल्या, बहुतेक मलाही ऐकू यावं म्हणून, "सामान पुरं हाय. उलट एक जास्तच हाय."

साहेब आधी ठसकले, मग एवढे हसले की पंख्याखालून बाजूला जाऊन खुर्चीत बसले. वातावरण असं सैल झालं की काकींनी त्यांनाही सोडलं नाही. टकलाकडे बोट करून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि शेवटी आकडा मराठीत, "ऐंशी!" साहेब खूश. चहावाल्याचा नंबर विचारला, घरमालकाचा विचारला. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं. काहीतरी विचारलं. मला त्यात 'नंबर' एवढंच समजलं.

काकींनी माझ्याकडे बघितलं. डोक्यापासून चपलेपर्यंत, बाहुल्याकडे बघतात तसं. मी सरळ उभा राहिलो, हात अंगालगत, शर्टाचं वरचं बटण लावलं. इतक्या दिवसांनी माझा नंबर लागणार होता.

"अवनिगे नंबर इल्ला," काकी म्हणाल्या.

साहेबांनी मान डोलावली आणि पोहे घेतले.

मी ट्रे ठेवला आणि जिना उतरलो. खोलीत माझं सामान ते किती. कपडे, चादर, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर आणि तो दाखला. पिशवी भरताना मनात आईशी बोलायची तयारी करत होतो. डाक्टरकी सुटली म्हणायचं. ती म्हणेल, पेशंट मेला का? उपकाराच्या माणसाला न सांगता जाणं बरं नाही, म्हणून साहेबांची गाडी निघेपर्यंत जिन्याखाली थांबलो आणि पिशवी घेऊन वर गेलो.

काकी कपबशा गोळा करत होत्या. "पावणं, कुठं निघालास?"

"गावाला जी."

"कशापाय? आई बरी हाय न्हवं?"

"बरी हाय जी. तुम्हीच तर म्हणाल्या. नंबर इल्ला."

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मग कपबशा ठेवल्या, पदराला हात पुसले आणि देव्हाऱ्याकडे मान वळवली. फळीवर तो चावलेल्या पायाचा बाहुला भिंतीला टेकून उभा होता.

"त्येला नंबर किती?"

"त्याला नंबर नाही जी."

"का?"

"विकाय..." मी म्हणालो आणि थांबलो. "विकायचा नाही."

"मंग?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"खुळं कुठलं," काकी म्हणाल्या. "पिशवी ठेव आणि ती मुंगी काढ. बिचारी सकाळपास्नं उपाशी हाय."

सील फोडून मी मुंगी बोटावर घेतली आणि गुळाच्या भेगेशी सोडली.

पुढं काकींचे गुडघे ढिले झाले. हा शब्द त्यांचाच. मुलानं हट्टानं त्यांना तिकडं नेलं, जिथं वर्षातले कितीतरी महिने बर्फ असतो. जाताना त्यांनी देव्हाऱ्यावरचा बाहुला उचलला, पिशवीत घातला, परत काढला आणि जागेवर ठेवला. "ऱ्हाऊ दे हितंच. त्येला तिकडं थंडी वाजंल." आता खोली मी बघतो, पाटी तीच आहे, आणि जयसिंगपूरच्या त्या बाई अजून अधूनमधून नंबर घ्यायला येतात. पिवळ्याचा नंबर मी बरोबर देतो. देताना वाईट मात्र वाटतं.

फोनवर काकी रोज दिसतात, स्वेटरात गुंडाळलेल्या. संशयाचा बाहुला कॅमेऱ्यासमोर फिरवून दाखवावा लागतो आणि मग हुकूम येतोच, "मला हितनं कसं कळणार? चाट की!" मी टाचेला जीभ लावतो आणि सांगतो. मधूनमधून त्या मला कन्नडही शिकवतात, अवनिगे म्हणजे त्याला, निमगे म्हणजे तुम्हाला. परवा काम झाल्यावरही त्या फोन ठेवेनात. तिकडं बोलायला कुणी नसतं, म्हणाल्या. सून कामाला, मुलगा कामाला, शेजारी दार उघडत नाहीत. "पावणं, जेवलास काय?" हेच दोनदा विचारलं.

मी म्हणालो, "काकी, आता पावण्या तर तुम्ही झाल्या जी."

"व्हय की रं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "बरं, मला तरी नंबर किती देतोस, सांग बघू."

मी देव्हाऱ्याकडे बघितलं. "निमगे नंबर इल्ला."

काकींनी स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं, बराच वेळ पुसलं.

"उच्चार ढिला हाय," त्या म्हणाल्या.